बीजोत्सर्जनाच्या आसपासची संप्रेरकं: कोणती तपासणी नेमकं काय सांगते?

मृद्गंध

"चौदाव्या दिवशी बीज सुटतं" हे वाक्य इतकं रुळलंय की त्यावरून तारखा ठरतात, किट आणलं जातं, २१व्या दिवशी रक्त दिलं जातं आणि रिपोर्ट आला की जिवाला घोर लागतो. पाळी बरोबर २८ दिवसांची असेल तर ते वाक्य साधारण जुळतं. पण प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांपर्यंतची कुठलीही पाळी नॉर्मलमध्येच मोडते, आणि या कमीजास्त दिवसांचा बहुतेक फरक बीज सुटण्याआधीच्या भागात पडतो. नंतरचा भाग बराचसा ठरलेला असतो, बहुतेकींत १२ ते १४ दिवस. म्हणजे दिवस मोजायचेच तर पुढच्या पाळीपासून मागे मोजायला हवेत. जपानमधले डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी १९२०च्या दशकातच हे मांडलं होतं: बीजोत्सर्जन पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होतं.

अडचण अशी की पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही. म्हणून संप्रेरकांच्या खुणा वाचाव्या लागतात, आणि त्यासाठी आत काय घडतं ते एकदा क्रमानं समजून घेतलेलं बरं.

मागच्या चक्रातला कॉर्पस ल्युटियम (बीज सुटल्यावर त्याच्या रिकाम्या पिशवीची बनणारी, प्रोजेस्टेरॉन सोडणारी ग्रंथी) मावळला की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि इनहिबिन ए ही तिन्ही खाली येतात. पिट्युटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवरचा त्यांचा दाब उठतो आणि तिच्यातून येणारं एफएसएच हे संप्रेरक हळूहळू चढू लागतं. त्याच्या जोरावर बीजांडकोशातली काही फॉलिकल्स (बीज धरून असलेल्या छोट्या पिशव्या) एकदम वाढायला लागतात. ती जसजशी मोठी होतात तसतसं त्यांच्यातून इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि इनहिबिन बी बाहेर पडतं, आणि हीच दोघं मिळून एफएसएच पुन्हा खाली ओढतात. इथे खरी निवड होते. रसद आटते, आणि कमी एफएसएचवर जगू शकेल तेच फॉलिकल टिकतं. साधारण १० मिमीच्या आसपास एक पुढे सरकलेलं दिसतं. त्याच्यावर एफएसएचचे रिसेप्टर (संप्रेरक पकडणाऱ्या जागा) जास्त असतात, रक्तपुरवठा चांगला असतो आणि आता एलएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या संप्रेरकाचे रिसेप्टरही उगवलेले असतात. बाकीची सुकून जातात.

या एका फॉलिकलमध्ये दोन प्रकारच्या पेशी वाटणी करून काम करतात. बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या हुकमावरून अँड्रोजेन बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी ते अँड्रोजेन घेतात आणि एफएसएचच्या हुकमावरून, अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) वापरून त्याचं इस्ट्रॅडिओल करतात. "पुरुषी हार्मोन" म्हणून ज्याला घाबरतात तो स्त्रीच्या इस्ट्रोजेनचा कच्चा माल आहे, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

एरवी इस्ट्रॅडिओल मेंदूला "पुरे" असं सांगत असतं. पण ते साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या वर चढून जवळपास दोन दिवस तिथे टिकलं, की तोच निरोप उलटा फिरतो. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातल्या किसपेप्टिन पेशी जीएनआरएच (पिट्युटरीला एलएच-एफएसएच सोडायला लावणारं संप्रेरक) सोडणाऱ्या पेशींना चेतवतात, पिट्युटरीही त्या वेळी जास्त संवेदनशील झालेली असते, आणि एलएचची लाट उसळते. दोन्ही अटी लागतात: पातळीही आणि कालावधीही. इस्ट्रॅडिओल उंच जाऊन लगेच घसरलं तर लाट येत नाही. म्हणजे इशारा कॅलेंडर देत नाही, पिकलेलं फॉलिकल देतं. ते बारा दिवसांत पिको किंवा बावीस दिवसांत, मेंदू थांबतो.

लाटेची सुरुवात ते बीज सुटणं यात साधारण ३४ ते ३६ तास जातात, शिखरापासून १० ते १२ तास. या तासांत बरंच घडतं. स्त्रीबीजाचं पेशीविभाजन मुलीच्या जन्माआधीपासून अर्ध्यावर थांबलेलं असतं, ते इतक्या वर्षांनी पुढे सुरू होतं. बीजाभोवतीच्या पेशी फुलून चिकट गादीसारख्या सैल होतात. फॉलिकलच्या भिंतीतलं कोलॅजेन विरघळवणारी विकरं आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, आणि भिंत एका जागी पातळ होऊन उघडते.

पुढची भर इतरांनी घालावी. विशेषतः लघवीत एलएच तपासायच्या पट्ट्या आणि रक्ततपासण्यांबद्दल.

कॅलिपर

छान मांडलंय. सोनोग्राफीच्या बाजूनं भर घालतो. निवड झाल्यावर पुढचं फॉलिकल रोज साधारण दीड ते दोन मिमी वाढतं आणि सुटण्याआधी बहुधा १८ ते २४ मिमीपर्यंत जातं. "२० मिमी झालं म्हणजे उद्या फुटणार" असा नियम नाही. आकार म्हणजे तयारी, एलएच म्हणजे हुकूम.

आकडे एकत्र पाहिले की चित्र डोळ्यासमोर येतं, म्हणून ३१ दिवसांच्या पाळीचा एक नमुना लिहितो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, प्रत्येकीचे आणि प्रत्येक महिन्याचे वेगळे असतील.

११वा दिवस: फॉलिकल १२ मिमी, इस्ट्रॅडिओल ८० पिकोग्रॅम, एलएच ५ मिलियुनिट.
१३वा दिवस, संध्याकाळ: १६ मिमी, इस्ट्रॅडिओल २०० ओलांडतं, एलएच अजून ६च.
१५वा दिवस, संध्याकाळ: २० मिमी, इस्ट्रॅडिओल ३००, एलएच उचलायला लागतं.
१६वा दिवस, सकाळ: एलएच ३५, पट्टी पॉझिटिव्ह, इस्ट्रॅडिओल उतरणीला.
१६वा दिवस, रात्र: एलएच शिखरावर, ५५. प्रोजेस्टेरॉन १ नॅनोग्रॅमच्या पुढे सरकलेलं.
१७वा दिवस, सकाळ: बीज सुटलं. सोनोग्राफीत फॉलिकल आकसलेलं, कडा वेड्यावाकड्या, गर्भाशयामागे थोडं पाणी.
१९वा दिवस: सकाळचं तापमान वर.
२४वा दिवस: प्रोजेस्टेरॉन १२ नॅनोग्रॅम.
३१व्यानंतर पाळी.

इस्ट्रॅडिओल बीज सुटण्याच्या *आधीच* उतरायला लागतं, हे लक्षात ठेवा. काहींना मधल्या दिवसांत जो किंचित लालसर डाग दिसतो, तो बऱ्याचदा या घसरणीमुळे. एक-दोन दिवस, अगदी थोडा असेल तर त्यात घाबरण्यासारखं नाही. दर महिन्याला जास्त किंवा लांबत जाणारा असेल, संबंधानंतर येत असेल, तर तपासून घ्यावा.

सांजवात

आता पट्ट्या. गोंधळ सर्वात जास्त इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

गरोदरपणाच्या पट्टीवर फिकट रेषाही पॉझिटिव्ह असते. एलएचच्या पट्टीवर फिकट रेषा म्हणजे *निगेटिव्ह*. एलएच शरीरात रोजच थोडं असतं, त्यामुळे टेस्टची रेषा थोडीफार उमटणारच. ती कंट्रोल रेषेइतकी गडद किंवा त्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. बहुतेक पट्ट्यांची मर्यादा लघवीत २० ते ३० मिलियुनिट प्रति मिली एवढी असते, सर्रास २५.

सुरुवात कधी करायची? गेल्या सहा महिन्यांतली सर्वात *लहान* पाळी घ्या आणि त्यातून १७ वजा करा. २८ची असेल तर ११व्या दिवसापासून, २६ची असेल तर ९व्यापासून. सरासरी घेऊ नका. ज्या महिन्यात बीज लवकर सुटतं नेमका तोच महिना हातचा जातो.

वेळ: लाट पुष्कळदा पहाटे रक्तात उसळते आणि लघवीत यायला काही तास घेते. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीपेक्षा साधारण सकाळी १० ते रात्री ८ यामधली वेळ बरी, आणि रोज तीच ठेवावी. त्याआधी दोनेक तास लघवीला जाऊ नये आणि ढसाढसा पाणी पिऊ नये. पातळ लघवीत २५चा आकडा १२ होऊन जातो आणि रेषा फिकट पडते. लाट लहान असणाऱ्यांनी रेषा गडद व्हायला लागल्यावर दिवसातून दोनदा तपासावं. काहींची लाट दहा-बारा तासांत पट्टीच्या मर्यादेखाली येते, रोज एकदाच तपासलं तर ती सापडतच नाही.

पट्टी बुडवताना खुणेच्या रेषेपर्यंतच, वर नाही. सपाट जागी आडवी ठेवायची. ओली असताना आधी गुलाबी लाटेसारखा रंग सरकत जातो, मग पार्श्वभूमी पांढरी होते आणि रेषा स्थिरावतात. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायची, बहुधा पाच मिनिटं. अर्ध्या तासानं कचऱ्यातून काढून पाहिलेली वाळकी पट्टी काहीच सांगत नाही, कारण वाळताना रेषेचा रंग बदलतो. कंट्रोल रेषा उमटलीच नाही तर ती पट्टी बाद.

एकदा पॉझिटिव्ह आली की *पहिली* पॉझिटिव्ह महत्त्वाची. दुसऱ्या दिवशीही आली तर त्यातून नवं काही कळत नाही, लाट अजून ओसरते आहे एवढंच.

अनुस्वार

सांजवात, पहिल्या पॉझिटिव्हपासून ३६ तास मोजायचे का मग?

सांजवात

नाही, ३६ तास हे रक्तात लाट *सुरू* होण्यापासूनचे. पट्टीला कळतं तोवर त्यातले बरेच तास उलटलेले असतात. पहिल्या पॉझिटिव्हनंतर बहुतेकींत पुढच्या एक ते दीड दिवसात बीज सुटतं. कॅलिपर यांच्या नमुन्यात पट्टी १६व्या सकाळी पॉझिटिव्ह आहे आणि बीज १७व्या सकाळी सुटलंय, तसं. तासांपर्यंतचा नेमका आकडा पट्टीतून काढू नये.

पट्टी फसते त्या जागाही सांगते. पीसीओएसमध्ये (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) एलएचची रोजची पातळीच चढी असू शकते, त्यामुळे पट्टी आठ-दहा दिवस "जवळजवळ पॉझिटिव्ह" राहते. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांतही तसंच. गरोदरपणात, किंवा फॉलिकल फुटावं म्हणून एचसीजीचं (गरोदरपणात बनणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन घेतल्यावरही पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण एचसीजी आणि एलएच यांची घडण बहीण-बहीण म्हणावी इतकी सारखी आहे. क्लोमिफेनच्या (बीज तयार व्हावं म्हणून देतात त्या) गोळ्यांचा कोर्स चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर किमान तीन दिवस थांबून मगच पट्टी वापरावी, नाहीतर गोळीनं चढलेलं एलएच लाट म्हणून वाचलं जातं.

नीलपक्षी

वरच्या प्रतिसादांत एक मुद्दा राहिलाय. एलएचची लाट आली म्हणजे बीज सुटलंच असं नाही. कधीकधी लाट येते, फॉलिकलच्या पेशी प्रोजेस्टेरॉनही बनवू लागतात, तापमानही चढतं, पाळी वेळेवर येते, पण भिंत उघडलेलीच नसते आणि बीज आतच राहतं. याला न फुटलेलं ल्युटिनाइज्ड फॉलिकल म्हणतात. एखाद्या चक्रात निरोगी स्त्रीतही हे होऊ शकतं. पट्टी, तापमान, रक्त तिन्ही "सगळं ठीक" सांगतात. फक्त ओळीनं केलेल्या सोनोग्राफीत फॉलिकल आकसलेलं दिसत नाही, तेव्हा हे लक्षात येतं.

आणि यात एक टाळता येण्यासारखं कारण आहे: वेदनाशामक गोळ्या. भिंत उघडायला प्रोस्टाग्लँडिन लागतं हे मृद्गंध यांनी लिहिलंच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन, मेलॉक्सिकॅम या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच तर अडवतात. पाळीच्या पहिल्या दिवशी पोटदुखीसाठी घेतलेल्या गोळीनं काही बिघडत नाही. पण नेमक्या लाटेच्या दिवसांत ओळीनं घेतल्या तर फुटणं लांबू शकतं किंवा होतच नाही. गोळ्या थांबवल्या की हा परिणामही जातो. मूल हवं असेल त्यांना त्या दिवसांत दुखण्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल सुचवतात. संधिवातासारख्या आजारासाठी या गोळ्या कायम चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांशी हा विषय काढावा.

मृद्गंध

नीलपक्षी, फार महत्त्वाची भर. "कारण सापडत नाही" म्हणून वर्ष-वर्ष काढणाऱ्या जोडप्यांना गोळ्यांबद्दल कुणी विचारतच नाही.

परीक्षानळी

रक्ततपासणीबद्दल लिहितो.

"२१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन" हे नावच दिशाभूल करणारं आहे. २८ दिवसांच्या पाळीत १४व्या दिवशी बीज सुटलं तर २१वा दिवस म्हणजे त्यानंतरचा सातवा, आणि साधारण तेव्हाच कॉर्पस ल्युटियम पूर्ण जोरात असतो. ३५ दिवसांच्या पाळीत बीज २१व्या दिवसाच्या आसपासच सुटतं. त्या दिवशी रक्त दिलं तर प्रोजेस्टेरॉन १ येईल, आणि "बीज सुटत नाही" असा शिक्का बसेल. तिचं रक्त २८व्या दिवशी घ्यायला हवं होतं. लिहून देताना "पुढच्या अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी" किंवा "पट्टी पॉझिटिव्ह आल्यानंतर सात-आठ दिवसांनी" असंच लिहावं. नमुन्यासोबत शेवटच्या पाळीची तारीख दिलेली नसेल तर लॅबलाही त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

प्रोजेस्टेरॉन ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर बीज सुटल्याचा चांगला पुरावा मानतात. त्यापुढे "६ आलंय, १२ हवं होतं" अशी चिंता बहुतेकदा वाया जाते. हे संप्रेरक ठोक्याठोक्यानं बाहेर पडतं. त्याच दिवशी, त्याच स्त्रीत दीड-दोन तासांत आकडा कित्येक पट वरखाली होतो. एका नमुन्यावरून कॉर्पस ल्युटियम "कमजोर" आहे हे ठरवता येत नाही.

एककं बघा. काही लॅब प्रोजेस्टेरॉन नॅनोमोलमध्ये देतात: नॅनोग्रॅमचा आकडा गुणिले ३.१८. म्हणजे ३ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ९.५ नॅनोमोल. इस्ट्रॅडिओल पिकोमोलमध्ये असेल तर पिकोग्रॅम गुणिले ३.६७. वरचे २०० पिकोग्रॅम तिथे ७३४ दिसतील. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "तिप्पट झालं" म्हणणारे लोक असतात, ते यामुळे.

आणखी एक, केस-नखांसाठीच्या गोळ्या. त्यात बायोटिन भरपूर असतं, आणि लॅबच्या पुष्कळ चाचण्या बायोटिनच्याच जोडणीवर चालतात. जास्त मात्रेत घेतलेलं बायोटिन अशा चाचणीत इस्ट्रॅडिओल-प्रोजेस्टेरॉन खोटं *जास्त* आणि एलएच-एफएसएच खोटं *कमी* दाखवू शकतं. म्हणजे बरोबर उलट्या दिशांना. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस या गोळ्या थांबवाव्यात आणि घेत असल्याचं लॅबला सांगावं.

जाता जाता एक गोष्ट, कारण तिचं अप्रूप वाटतं. इतक्या सूक्ष्म मात्रा मोजता येऊ लागल्या त्या किरणोत्सारी खुणेच्या मदतीनं मोजायच्या पद्धतीमुळे, म्हणजे रेडिओइम्युनोअ‍ॅसेमुळे. त्यासाठी रोझलिन यालो यांना १९७७ साली नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच पारितोषिकाचे दुसरे वाटेकरी होते मेंदूतली संप्रेरकं शोधणारे रॉजर गिलेमँ आणि अँड्र्यू शॅली. शॅली यांच्याच गटानं १९७१मध्ये जीएनआरएचची रचना उलगडली होती.

पारिजातक

जीएनआरएचचा विषय निघालाच आहे तर त्याचा ताल सांगायला हवा, कारण पाळी पुढे ढकलली जाण्याचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. हे संप्रेरक सलग वाहत नाही, ठोक्यांनी येतं. पहिल्या भागात साधारण तास-दीड तासाला एक ठोका, बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे मंदावून तीन-चार तासांना एक. अर्न्स्ट क्नोबिल यांनी माकडिणींवर दाखवून दिलं की तासाला एक ठोका दिला तर एलएच-एफएसएच नीट सुटतात, आणि तेच औषध सलग चालू ठेवलं तर पिट्युटरी गप्प होते.

कमी खाणं, एकदम वजन उतरणं, खाण्याच्या मानानं फार व्यायाम, मोठं आजारपण, जबर ताण, यांत हा ताल मंदावतो. फॉलिकलला रसद पुरत नाही, इस्ट्रॅडिओल २००ला पोचायला उशीर होतो, लाट पुढे जाते. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढलं तरी तेच. बाळाला पाजणाऱ्या आईची पाळी लांबते ती यामुळेच. पाळी "उशिरा आली" म्हणतो तेव्हा बहुतेकदा पाळी उशिरा आलेली नसते, बीज उशिरा सुटलेलं असतं. परीक्षेच्या किंवा तापाच्या महिन्यात चौदाव्या दिवसाचा हिशेब सर्वात जास्त चुकतो तो यामुळे. पाळी वारंवार ३८ दिवसांपलीकडे जात असेल किंवा तीन महिने आलीच नसेल तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड, हे तपासायलाच हवं.

अनुस्वार

गर्भाशयमुखाचा स्राव आणि तापमान या दोन घरच्या पद्धतींवर कुणी लिहील का? दोन्हींत कोणती भरवशाची?

सांजवात

दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, त्यामुळे एकीला दुसरीच्या जागी वापरू नका.

स्राव इस्ट्रोजेनवर चालतो, म्हणून तो *आधी* सांगतो. पाळीनंतर काही दिवस कोरडे, मग चिकट किंवा मलईसारखा, आणि इस्ट्रॅडिओल वर गेलं की पाणीदार, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा. दोन बोटांत धरून हळू ताणला तर न तुटता पाच-सहा सेंटिमीटर, कधी आठ-दहापर्यंत लांबतो. काचेवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते, ती त्यातल्या मिठाच्या स्फटिकांची. प्रोजेस्टेरॉन चढलं की एका दिवसात तो घट्ट आणि धूसर होतो, शुक्राणूंना वाट बंद. निसरड्या स्रावाचा *शेवटचा* दिवस हा महत्त्वाचा, आणि तो शेवटचा होता हे दुसऱ्या दिवशीच कळतं. संबंधानंतरचा ओलावा, संसर्ग, योनीत वापरायची औषधं यांनी नोंद गढूळ होते. खाज, वास किंवा दह्यासारखा स्राव असेल तर ती बीजोत्सर्जनाची खूण नाही, उपचार लागतो.

तापमान प्रोजेस्टेरॉनवर चालतं, म्हणून ते *नंतर* सांगतं. वाढ अवघी ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसची. त्यामुळे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा थर्मामीटर हवा, ताप बघायचा साधा नको. किमान तीन-चार तासांच्या सलग झोपेनंतर, अंथरुणातून उठण्याआधी, बोलण्या-पिण्याआधी, रोज एकाच वेळी, एकाच जागी. मागच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर, आणि तिसरा दिवस त्या सहांतल्या सर्वात उंच नोंदीपेक्षा किमान ०.२ वर असेल तर चढ पक्का धरतात. ताप, जागरण, मद्य यांच्या दिवशी नोंद करा पण खूण घालून बाजूला ठेवा.

कॅलिपर यांच्या नमुन्यात १९व्या दिवशी चढ दिसला तर तो पक्का व्हायला २१वा दिवस उजाडेल. बीज १७व्यालाच सुटलं आणि ते जगतं १२ ते २४ तास. तापमान बघून "आज प्रयत्न करू" म्हणणं म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशन गाठणं. त्याचा खरा उपयोग बीज सुटून गेलं हे समजायला आणि पुढच्या भागाचे दिवस मोजायला.

नीलपक्षी

याला जोडूनच सुपीक दिवसांचा हिशेब. शुक्राणू चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, बीज मात्र दिवसभरच. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि आधीचे पाच, असे सहा दिवस. नमुन्यात १२ ते १७. शक्यता सर्वात जास्त शेवटच्या दोन-तीन दिवसांत. मूल हवं असणाऱ्यांनी स्राव निसरडा झाला की लगेच सुरू करावं, पट्टीची वाट बघत बसू नये. दर एक-दोन दिवसांनी संबंध पुरेसे होतात.

मूल नको असणाऱ्यांसाठी: फक्त कॅलेंडर किंवा फक्त पट्टी यावर विसंबू नका. पट्टी एक-दीड दिवस आधी जागी होते, शुक्राणू पाच दिवस आधीचे असू शकतात. आणि तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं गणितही याच लाटेशी बांधलेलं आहे. १.५ मिग्रॅ लेव्होनॉर्जेस्ट्रेल लाट सुरू होण्याआधी घेतली तरच बीजोत्सर्जन पुढे ढकलते; लाट उचलली की तिचा जोर उरत नाही. म्हणून संबंधानंतर ७२ तासांची मुदत असली तरी पहिल्या तासांत घेणं वेगळं आणि ७०व्या तासाला घेणं वेगळं. युलिप्रिस्टल ३० मिग्रॅ लाट उचलल्यावरही, शिखर गाठण्याआधी, काम करू शकते आणि १२० तासांपर्यंत देतात. बीज सुटून गेल्यावर या दोन्ही गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी मात्र चक्राच्या कुठल्याही टप्प्यावर परिणामकारक असते.

अनुस्वार

एक शेवटचा प्रश्न. बीज सुटल्याचा दिवस नीट माहीत असेल तर गरोदरपणाचे आठवडे त्यावरून मोजायचे की शेवटच्या पाळीवरून?

कॅलिपर

आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजायची रीत आहे, आणि त्यात १४व्या दिवशी बीज सुटलं हे गृहीत धरलेलं असतं. प्रसूतीची तारीख पाळीपासून २८० दिवस. बीज सुटल्यापासून २६६. नमुन्यातल्या ३१ दिवसांच्या पाळीत तीन दिवसांचा फरक पडतो, फारसा जाणवत नाही. पण पाळी ३८ दिवसांची असेल तर बीज २४व्या दिवसाच्या आसपास सुटतं, म्हणजे दहा दिवसांचा फरक. अशी स्त्री "सहा आठवडे पूर्ण" म्हणून पहिल्या सोनोग्राफीला गेली तर गर्भ प्रत्यक्षात साडेचार आठवड्यांच्या मापाचा असतो. फक्त छोटी पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, आणि वाढ थांबल्याची शंका घेतली जाते. पट्टी पॉझिटिव्ह आल्याची किंवा तापमान चढल्याची तारीख लिहिलेली असेल तर ती सोनोग्राफीआधीच डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर नोंदवून घ्या. ठोके बहुधा बीज सुटल्यानंतर साधारण चार आठवड्यांनी दिसू लागतात. पिशवी दिसतेय पण गर्भ दिसत नाही, एवढ्यावरून निर्णय न घेता एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, कारण तेव्हा नळीतला गर्भ आधी नाकारावा लागतो.